दुसऱ्या टोकाला

"वाजतंय की, भावजी! मला इथं फोनवरसुद्धा ऐकू येतंय," मेव्हणा म्हणाला, आणि इकडे छतात डोकं खुपसून शिडीच्या घोड्याच्या वरच्या पायरीवर उभा असलेला तो एकदम गप्प झाला. झालं ते एवढंच. कुणी पडलं नाही, कुठं ठिणगी उडाली नाही, खालून स्ट्रेचर ढकलत नेणाऱ्या वॉर्डबॉयने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. हॉस्पिटलच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये त्याने छताचा एक चौकोन सरकवून ठेवला होता. कमरेपासून वरचा तो त्या अंधाऱ्या पोकळीत होता आणि कमरेपासून खालचा उजेडात. उजव्या हातात प्रोब होता, म्हणजे जाडसर पेनासारखं एक यंत्र. मेव्हणा इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला, रक्ततपासणीच्या रिकाम्या झालेल्या खोलीत. तिथल्या भिंतीतल्या सॉकेटात त्याने टोनर लावला होता. ही काडेपेटीएवढी डबी वायरीत एक बारीक स्वर सोडते, आणि प्रोबचं टोक नेमकं त्या वायरीला लागलं की प्रोब वाजायला लागतो. चाळीसेक सारख्याच करड्या केबलींच्या जुडग्यातून हवी ती एक शोधायची ती अशी. आणि आत्ता प्रोब वाजत होता. त्याच्या स्वतःच्या हातात वाजत होता. खांद्याने कानाशी दाबून धरलेल्या फोनमधून तो आवाज इमारतीच्या त्या टोकाला पोचत होता, तिथं मेव्हण्याला ऐकू येत होता, आणि मधे उभ्या असलेल्या ह्या गृहस्थाला मात्र वाऱ्याच्या नळकांड्याची घरघर सोडली तर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"हां हां," तो म्हणाला. "बॅटरी वीक झाल्यासारखी वाटतेय. थांब जरा." बॅटरीच्या माथी मारलं की वेळ मिळतो, हे ह्या धंद्यात सगळ्यांनाच माहीत. त्याने प्रोबचं झाकण काढलं, चौकोनी बॅटरी बाहेर घेतली आणि सवयीने तिची दोन टोकं जिभेला लावली. चांगला सणसणीत चटका बसला. तोंडात आंबट, कथलासारखी चव पसरली आणि डोळ्यांत पाणी आलं. बॅटरी ठणठणीत होती. त्याने ती परत बसवली आणि आवाज वाढवायची चकती अंगठ्याने पुढं ढकलायला गेला, तर चकती हलेना. ती आधीच शेवटाला टेकलेली होती. कधी टेकली? पूर्वी ती पहिल्या खाचेवर असायची. चकती वर नेणाऱ्या पोरांना तो म्हणायचा, "अरे, वायर शोधतोयस की वरात काढतोयस?" मग ही शेवटापर्यंत कुणी नेली? प्रोब त्याच्याशिवाय कुणाच्या हाती जात नव्हता. म्हणजे त्यानेच नेली असणार, एकेक खाच करत, स्वतःच्याही नकळत. आपलाच अंगठा आपल्यापासून काहीतरी लपवत होता हे लक्षात आल्यावर त्याने घोड्याची कड घट्ट धरली.

धंद्यातले लोक त्याला कानसेन म्हणत. हे नाव जुन्या ठेकेदाराने ठेवलं होतं आणि ते त्याला चिकटलं ते इतकं, की नवी पोरं त्याचं खरं नाव विचारायच्या फंदात पडत नसत. नावही उगाच नव्हतं. तो ज्याच्या हाताखाली शिकला तो टेलिफोनच्या काळातला म्हातारा जोडारी होता, आणि त्या जोडाऱ्याचं म्हणणं असं, की वायर डोळ्यांनी शोधणारा माणूस आंधळा. तो ह्याला जुडग्यापाशी उभा करायचा आणि डोळे मिटायला लावायचा. आधी सगळ्याच केबली वाजतात, कारण आवाज शेजारणीत झिरपतो. मग हळूहळू कळायला लागतं, की शेजारणीत वाजतं ते नुसतं कुजबुजणं असतं आणि मालकिणीत वाजतं ते बोलणं. पहिल्यांदा हा फरक कळला तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. मच्छरदाणीत शिरलेला डास जसा अंधारात फिरता फिरता एकदम आपल्याच कानाशी येतो, तसा तो स्वर आला होता. डोळे उघडून पाहतो तर बोटांच्या चिमटीत तीच केबल. जोडाऱ्याने फक्त आपली विडी त्याच्यापुढं केली. त्यानंतर किती इमारती झाल्या! बँका, शाळा, कचेऱ्या, एक थिएटर. बाकीच्यांनी गठ्ठे सोडून, सोलून, टेस्टरचे आठ आठ दिवे लावून बघेपर्यंत हा कानाने वायर काढून मोकळा. मधे कंपनीने दिव्यांचा प्रोब दिला होता, आवाजाबरोबर लाल ठिपकेही लागणारा. तो त्याने घरच्या माळ्यावर टाकून दिला. "ठिपके मोजायचे असते तर शिवणकाम शिकलो असतो," असं वर आणि म्हणाला.

आणि आज काम होतं ते असं. रक्ततपासणीची खोली त्या टोकाहून इथं, ह्या कॉरिडॉरच्या अगदी खालच्या बाजूच्या खोलीत आली होती. यंत्रं येऊन पडली होती, तपासणाऱ्या बाई खुर्चीवर बसून होत्या. सर्व्हरच्या खोलीतून त्या टोकाच्या जुन्या खोलीकडे जाणारी केबल इथं मधेच कापायची, खाली उतरवायची आणि नव्या सॉकेटात बसवायची. एकच कापायची. बाकी सगळ्या जिवंत होत्या. त्यांतली एखादी बायकांच्या वॉर्डात जात होती, एखादी औषधांच्या दुकानात, एखादी ऑपरेशनच्या खोलीत. कोणती कुठं जाते हे लिहिलेल्या पट्ट्या केव्हाच्या वाळून गळून पडल्या होत्या. चुकीची कापली तर कुठं काय बंद पडेल ते सांगता येत नव्हतं. आणि मेव्हणा तिकडून "भावजी, ऐकताय ना?" म्हणत होता.

"ऐकतोय रे बाबा," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच शब्दाने चपापला. मग त्याला एक युक्ती सुचली. युक्ती म्हणजे लबाडीच, पण त्या क्षणी तिला युक्ती म्हणणं बरं वाटलं. "हे बघ, आज तुझी परीक्षा. मी एकेक केबल धरतो, तू फोनवर ऐकून सांगायचं कुठली मोठी वाजते ते. इतकी वर्षं झाली, तुझे कान तयार झालेत की नाही बघू."

"घ्या की परीक्षा," मेव्हणा म्हणाला. "नापास झालो तर ताईला सांगू नका म्हणजे झालं."

त्याने जुडग्याचा पट्टा कापला, केबली बोटांनी विंचरल्यासारख्या सुट्या केल्या आणि फोन स्पीकरवर टाकून छातीच्या खिशात खोचून प्रोब एकीला लावला. "ही नाही," फोनमधून आवाज आला. दुसरीला. "ही पण नाही." तिसरीला. "नाही. खाली जा. आणखी खाली. थांबा, आता जरा मागे या. डाव्या बाजूला बघा जरा." तो ऐकत होता आणि हात चालत होता, आणि चालता चालता त्याच्या लक्षात आलं, की परीक्षा देणारा माणूस असा बोलत नसतो. मेव्हणा चाचपडत नव्हता. मागे या, डावीकडे बघा, हे तो इतक्या सराईतपणे सांगत होता, की हे तो पहिल्यांदाच करतोय ह्यावर शेंबड्या पोरानेही विश्वास ठेवला नसता. मेव्हण्याला तो रेडिओ म्हणायचा. टोनर लावला की मेव्हण्याची फोनवर अखंड टकळी सुरू व्हायची: आता बारीक झालं बघा, आता मोठं झालं, आता एकदम फर्मास वाजतंय. "तोंड बंद ठेव, मला ऐकू दे," असं त्याने त्याला कितीदा झापलं असेल! मेव्हणा हसायचा आणि दोन मिनिटांनी पुन्हा सुरू. आणि वायर सापडायची. वायर त्याला मेव्हण्याच्या बडबडीतून सापडत होती. शाळेची इमारत, बँकेचा तळमजला, सगळीकडे. तो मान ताठ करून घरी जात होता आणि त्याचा कान गेले कित्येक महिने इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, त्या रेडिओच्या डोक्याला बसवलेला होता.

त्याला राग आला. कुणाचा ते ठरेना, म्हणून मेव्हण्याचाच आला. मग रागाच्या खालून लाज आली, आणि लाजेच्या पाठोपाठ, कशी कोण जाणे, आई आली. आई शेवटची काही वर्षं ठार बहिरी होती. घरात चार माणसं बोलत बसली की ती आपली खुर्ची ओढून त्यांत यायची आणि चेहऱ्यावर एक हसू चढवून बसायची. सगळे हसले की तीही हसायची, पण क्षणभर उशिरा. तो उशीर त्याला पाहवत नसे. कुणी काही विचारलं तर ती "हो हो, बरोबर" म्हणायची, मग प्रश्न जेवतेस का असो की तुझी पेटी कुठंय असो. तिला कळत नव्हतं असं नाही. तिला कळत होतं की आपल्याला कळलेलं नाही, आणि ते लोकांना कळू नये म्हणून तिची ती सगळी धडपड होती. आता छतातल्या धुळीत उभं राहून त्याला आपला स्वतःचा चेहरा आठवला. परवा साडूकडे सगळे जमले होते, कुणीतरी चुटका सांगितला, आणि तो हसला होता. सगळ्यांच्या नंतर हसला होता. तेव्हा शेजारी बसलेल्या बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं होतं आणि मान फिरवून घेतली होती.

बायकोचं काय बिनसलंय हा प्रश्न त्याला दीड-दोन वर्षं सतावत होता. पूर्वी ती बोलायची. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, दिवे मालवल्यावरसुद्धा. शेजारचे भांडले कसे, दुकानदाराने वजनात फसवलं कसं, स्वप्नात कोण आलं होतं. तो वर्तमानपत्रातून किंवा हातातल्या पक्कडीतून डोकं न काढता "हं" म्हणायचा आणि तेवढ्यावर तिचं भागायचं. मग तिचं बोलणं आटत गेलं. आधी गोष्टी गेल्या, मग प्रश्न गेले, शेवटी जेवायला चला आणि दार लावून घ्या एवढंच उरलं. घर कसं शांत शांत झालं. त्याला वाटलं, वयाने होत असेल. मग वाटलं, तिचं मन उडालं असेल आपल्यावरून. दिवसभर छतातली धूळ अंगावर घेऊन येणाऱ्या माणसावर किती दिवस मन राहणार? एकदा विचारावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण विचारल्यावर ती तोंड खाली घालून, हळू आवाजात काहीतरी उत्तर देईल, आणि आपल्याला पुन्हा "काय?" म्हणावं लागेल, ह्या भीतीने तो थांबला होता. म्हणजे तेव्हाही त्याला माहीत होतं. माहीत असून माहीत नसल्यासारखं वागायला माणसाला किती कष्ट पडतात, आणि ते कष्ट तो रोज, विनातक्रार, अगदी इमानेइतबारे करत आला होता.

"भावजी, हीच. नाही, थांबा," फोनमधून मेव्हणा म्हणाला. "आधीचीला परत लावा. आता हिला. आता आधीचीला." मग तो थांबला. एवढा वेळ बोलणारा रेडिओ बंद पडल्यावर घरघर एकदम मोठी वाटायला लागली. "दोन्ही सारख्याच वाजतायत हो. फोनमधनं फरक कळत नाहीये. तुम्हीच बघा तिथं."

त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत दोन केबली होत्या. दोन्ही करड्या, दोन्हींवर सारखाच मळ, वर्षानुवर्षं एकमेकींना चिकटून राहिल्याने एकीच्या अंगावर दुसरीची खाच उमटलेली. एक मालकीण आणि एक शेजारीण. एकीत बोलणं आणि दुसरीत कुजबुज. त्याने एका केबलीवर प्रोब टेकवून तो थेट कानाच्या भोकाशी नेला. काही नाही. डोळे मिटले. डोळे मिटल्यावर पूर्वी स्वर यायचा, आता नुसता अंधार आला. त्याने कान बदलला. दुसऱ्या कानात अगदी लांबवर काहीतरी असल्यासारखं वाटलं, पण ते खरोखर होतं की त्याच्या हव्यासातून आलं होतं हे सांगता येईना. खालून तपासणाऱ्या बाईंचा आवाज आला, किंवा आवाजाची नुसती लांबी-रुंदी आली, शब्द आले नाहीत. त्याने खाली वाकून पाहिलं. बाई मान वर करून हातातलं घड्याळ दाखवत होत्या. "झालंच," तो म्हणाला. त्या काय म्हणाल्या होत्या कोण जाणे, पण झालंच हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं.

त्याने पट्ट्यातून कटर काढला. हाताला वाटत होतं, डावी. हाताचे अंदाज पुष्कळदा बरोबर येतात. त्याने डावी केबल कटरच्या तोंडात धरली. दाबलं की संपलं. बरोबर निघाली तर कुणाला काही कळणार नाही. कानसेन तो कानसेनच राहील, आणखी एक इमारत होईल, मग आणखी एक. आणि चुकली तर? चुकली तर ह्या कॉरिडॉरच्या कुठल्यातरी खोलीत, कुणाच्यातरी उशाशी, एक पडदा काळा होईल, आणि कुणीतरी परिचारिका त्याच्यावर चापट मारून बघेल. त्याला त्या उशाशी असलेलं माणूस दिसलं. चेहरा दिसला नाही, फक्त चादरीबाहेर आलेलं पाऊल दिसलं. त्याच्या मुठीला घाम सुटला. कटरची रबराची मूठ निसटायला लागली. आपण हे करू शकतो, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्या कळण्याचीच त्याला अशी भीती वाटली, की त्याने कटर केबलीवरून काढून खिशात टाकला आणि फोन तोंडाशी आणला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"आवाज तुटतोय का? मी जरा खिडकीशी येतो—"

"फोनचं नाही. मला प्रोब ऐकू येत नाही. मला काहीच नीट ऐकू येत नाही रे."

मग मेव्हणा म्हणाला, "मी येतो तिकडे," आणि हे तो इतकं सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, की त्यातला एकही वाया गेला नाही.

मेव्हणा आला तो जिन्यावरून पळत आल्यासारखा धापा टाकत होता. घोड्याच्या दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या चढून तो वर आला आणि त्याचं डोकं छताच्या त्याच चौकोनातून आत शिरलं. इतकी वर्षं दोघं जोडीने काम करत होते, पण एका टोकाला दोघं कधी नसत. एक इथं असला की दुसरा तिथं, हीच ह्या कामाची रीत. आता वीतभर अंतरावर मेव्हण्याचा चेहरा होता. त्याच्या भुवयांवर धूळ बसत होती आणि कानाच्या वरचे केस पांढरे झाले होते. हा काल-परवाचा पोरगा, ह्याचे केस कधी पांढरे झाले? मेव्हण्याने त्याच्या हातातून प्रोब घेतला, चकती मागे फिरवून पहिल्या खाचेवर आणली, आणि डोळे मिटले. डोळे मिटायला त्याला ह्यानेच शिकवलं होतं. प्रोब एका केबलीवरून दुसरीवर गेला, परत आला, पुन्हा गेला. तो मेव्हण्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिला. आत काहीतरी ऐकू येत असलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या वेळी त्याचेही डोळे मिटलेले असत.

"उजवी," मेव्हणा म्हणाला.

उजवी. हात म्हणत होता डावी. त्याने कटर काढला, उजवी केबल तोंडात धरली आणि मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याने मान हलवली. त्याने दाबलं. पुढचं सगळं हातांनी केलं. केबल भिंतीतून खाली उतरवली, वरचं आवरण सोललं, आतल्या आठ तारांचे पीळ उलगडले, नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, एकेक तार आपापल्या खाचेत ठोकली. बोटं काही विसरली नव्हती. मेव्हणा सर्व्हरच्या खोलीत जाऊन टेस्टरचा दुसरा भाग लावून आला, आणि एकापासून आठापर्यंतचे हिरवे दिवे ओळीने लागले. बाईंनी यंत्र सुरू केलं, पडद्यावर काहीतरी उमटलं, आणि त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि ह्या दोघांकडे न बघता कामाला लागल्या.

सामान गाडीत ठेवताना त्याने विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"शाळेचं काम केलं ना, तेव्हापासून." मेव्हणा त्याच्या समोर येऊन उभा राहून बोलत होता.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही मला पायरीवरून ढकलून दिलं असतंत." मेव्हणा हसला, मग हसायचा थांबला. "माझं सोडा, भावजी. घरी सांगा. आजच सांगा." एवढ्या वर्षांत मेव्हण्याने त्याला पहिल्यांदाच हुकूम सोडला होता, आणि नवल म्हणजे तो त्याला टोचला नाही.

घरी पोचला तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. बायको मोरीशी उभी राहून भांडी घासत होती. पाठ ह्याच्याकडे, नळ सुरू. चपला काढताना त्याला तिच्या आवाजाचा एक पुसट पट्टा ऐकू आला, किंवा तिचे खांदे हलले ते दिसलं. दोन्हींतलं नेमकं काय आधी झालं ते त्याला सांगता आलं नसतं. तोंडाशी "हं" आलंच होतं. त्याने ते गिळलं. तो आत गेला, तिच्या बाजूने हात घालून नळ बंद केला, आणि ती वळून बघेपर्यंत थांबला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणताना ते सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, पण गेलं नाही. "बारीक आवाज तर अजिबात नाही. तू पाठमोरी असलीस, नळ चालू असला, की काही नाही. मी नुसतं हं म्हणतो. दोनेक वर्षं तरी झाली असतील."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या हातांवरचा फेस कोपरापर्यंत ओघळला तरी तिने पुसला नाही. मग ती मागचं स्टूल ओढून त्यावर बसली, आणि तिचा चेहरा असा काही झाला, की ती हसणार आहे की रडणार आहे ते त्याला कळेना. ती काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही म्हणून त्याने नकाराची मान हलवली. तेव्हा तिने तोंड वर केलं आणि मोठ्याने, एकेक शब्द मांडत म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत."

"मला वाटलं, तूच टाकलंस."

"मी एकदा विचारलं होतं तुम्हाला. इथंच, भांडी घासताना. तोंडावर विचारायचा धीर झाला नाही, म्हणून पाठमोरी उभी राहून विचारलं. म्हटलं, माझा कंटाळा आलाय का तुम्हाला?"

"मग?"

"तुम्ही हं म्हणालात."

मोरीत नळाचा एकेक थेंब पडत होता. तो पडताना दिसत होता. तिने तो एक हुंकार किती दिवस, किती दुपारी, किती स्वयंपाक करताना उराशी धरून ठेवला असेल, आणि तरी ताट वाढलं असेल, दार उघडलं असेल, त्याच्या सदऱ्याची धूळ झटकली असेल. माफी मागावी, तर कशाची? जे त्याने कधी म्हटलंच नव्हतं त्याची? तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, तिचं तोंड नीट दिसेल असा.

"परत विचार," तो म्हणाला.

"आता काय विचारायचं त्यात," ती म्हणाली.

"विचार तरी."

तिने पदराने हात पुसले. शेजारच्यांना ऐकू जाईल ह्याची पर्वा न करता, त्याच्या डोळ्यांत बघत, ती मोठ्याने विचारायला लागली. पहिल्या शब्दालाच त्याला सगळं कळलं होतं, तरी तिचं वाक्य पुरतं संपेपर्यंत तो थांबला, आणि मग म्हणाला, "नाही. कधीच नाही."